लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी रायफलचा स्कोप कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडा, अमेरिका, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली अनेक मराठी माणसे तिथल्या नेमबाजी क्लबांचे सभासद होतात आणि वर्षभरातच त्यांच्यापुढे स्कोपच्या, म्हणजे रायफलवर बसणाऱ्या दुर्बिणीच्या, खरेदीचा प्रश्न उभा राहतो. पुढील उत्तरे ३०० ते १००० यार्डांवरच्या एफ-क्लास या क्रीडाप्रकाराला धरून लिहिली आहेत. माझे स्वतःचे ठाम मत सुरुवातीलाच नोंदवतो: ज्याचा टरेट, म्हणजे नेम सरकवायचे बटण, जेवढा फिरवला तेवढाच नेम सरकतो आणि परत आणल्यावर जागेवर येतो तो चांगला स्कोप. वर्धन, काचेची चमक आणि रेटिकलचे, म्हणजे आत दिसणाऱ्या नेमाच्या खुणांचे, नक्षीकाम यांचा विचार त्यानंतर करावा.

एफ-क्लासमध्ये स्कोपकडून नेमकी काय अपेक्षा असते?

या प्रकारात नेमबाज जमिनीवर पालथा झोपतो, रायफलला पुढून आणि मागून टेकू देतो आणि आधीच माहीत असलेल्या अंतरावरच्या लक्ष्यावर एकेक गोळी झाडतो. कॅनडाचे नेमबाज जॉर्ज फर्कहारसन यांनी हा प्रकार रुजवला आणि ‘एफ’ हे अक्षर त्यांच्याच आडनावाचे आहे. ओटावाजवळचे कॉनॉट, इंग्लंडच्या सरे परगण्यातील बिस्ली आणि न्यू मेक्सिकोतील रॅटनजवळचे व्हिटिंग्टन सेंटर ही या खेळाची नामांकित मैदाने आहेत. जागतिक स्पर्धा २०१३ साली रॅटनला आणि २०१७ साली ओटावाला झाली.

लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ साधारण १ एमओए रुंदीचे असते आणि त्याच्या आतले सर्वांत लहान वर्तुळ अर्ध्या एमओएचे. एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, त्याची रुंदी २६.६ सेंटिमीटर भरते. तेव्हा साधारण फुटाच्या पट्टीपेक्षा थोड्या लहान वर्तुळात सगळ्या गोळ्या बसवायच्या आहेत, हे लक्षात ठेवूनच पुढचे आकडे वाचावेत.

निवडीवर परिणाम करणारा आणखी एक नियम वजनाचा आहे. एफ-टीआर गटात रायफल, बायपॉड (पुढचा दोन पायांचा टेकू) आणि स्कोप मिळून ८.२५ किलोची मर्यादा असते, तर एफ-ओपन गटात ती १० किलोची असते. एफ-टीआरमध्ये स्कोप दोनशे ग्रॅमने जड घेतला तर तेवढे वजन बहुधा रायफलच्या नळीतून कमी करावे लागते. म्हणून या गटात उतरणाऱ्याने स्कोपचे वजन रिंगांसह, म्हणजे त्याला रायफलवर धरणाऱ्या कड्यांसह, मोजूनच खरेदी करावी.

ऑलिंपिकमध्ये रायफलवर स्कोप दिसत नाही. मग तो खरोखर आवश्यक आहे का?

ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीला परवानगीच नसते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले ते मागच्या बारीक छिद्रातून आणि पुढच्या वलयातून नेम धरून. त्या लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, म्हणजे कोनाच्या हिशेबात सुमारे ०.७ एमओए. एफ-क्लासमधल्या दहाच्या वर्तुळापेक्षा ते लहान आहे आणि त्यातले दोन टप्पे तर गुडघ्यावर बसून आणि उभे राहून खेळायचे असतात. लांब पल्ल्याच्या जुन्या पाल्मा प्रकारातही १००० यार्डांवर स्कोपशिवायच नेम धरतात.

यातून एवढे स्पष्ट व्हावे की स्कोप अचूकता निर्माण करत नाही. तो नेमाचा बिंदू बारकाईने ठरवू देतो, वारा आणि हवेची थरथर पाहू देतो आणि चाळिशीनंतर जवळचे-लांबचे एकदम स्पष्ट न दिसणाऱ्या डोळ्यांची अडचण दूर करतो, कारण लक्ष्य आणि रेटिकल दोन्ही एकाच प्रतलावर दिसतात. एफ-क्लासमध्ये समोरचा प्रत्येक जण स्कोप वापरत असल्याने तिथे तो आवश्यकच ठरतो.

स्कोपच्या नावातले १५-५५×५२ यांसारखे आकडे काय सांगतात?

पहिले दोन आकडे वर्धनाची मर्यादा सांगतात. येथे प्रतिमा १५ पटींपासून ५५ पटींपर्यंत मोठी करता येते. शेवटचा आकडा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास आहे. भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ५२ ला ४० ने भागले तर १.३ मिलिमीटर येतात. भर उन्हात माणसाची बाहुली दोन ते तीन मिलिमीटर उघडी असते, म्हणजे या वर्धनावर डोळा जेवढा प्रकाश घेऊ शकतो तेवढा स्कोप देऊ शकत नाही. वर्धन वाढवत नेले की प्रतिमा मंद होत जाते त्याचे कारण हेच, आणि कितीही महाग काच त्यावर पूर्ण उपाय करू शकत नाही.

१००० यार्डांसाठी किती वर्धन पुरेसे आहे?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि याच प्रश्नावर सर्वांत जास्त पैसे वाया जातात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पौर्णिमेचा चंद्र आकाशात साधारण अर्धा अंश, म्हणजे ३० एमओए रुंद दिसतो. एक एमओएचे दहाचे वर्तुळ ३० पट मोठे केले की ते डोळ्याला साधारण चंद्राएवढे दिसते, मग लक्ष्य ३०० यार्डांवर असो वा १००० यार्डांवर. आतले अर्ध्या एमओएचे वर्तुळ ४० पटींवर चंद्राच्या दोन-तृतीयांश रुंदीचे दिसेल. एवढ्या मोठ्या गोलाच्या मध्यावर ठिपका ठेवणे कोणालाही जमते. त्यापुढे ५० किंवा ६० पटींपर्यंत गेल्याने नेम फारसा सुधारत नाही. मात्र आपल्या नाडीचे ठोके, श्वासाची हालचाल आणि हवेची थरथर तितक्याच पटींनी मोठी दिसू लागते आणि नवख्या नेमबाजाचा ट्रिगरवरचा संयम ढळतो.

‘कागदावरचे भोक दिसले पाहिजे’ हा आग्रहही सोडून द्यावा. .३०८ या काडतुसाच्या गोळीने पडलेले भोक आठ मिलिमीटरपेक्षाही लहान असते. १००० यार्डांवर, तापलेल्या हवेच्या थरातून, ते दिसेल अशी अपेक्षा दुपारच्या वेळी कोणत्याही स्कोपकडून करता येत नाही. त्याची गरजही नसते. लक्ष्याखालच्या खंदकातले सहकारी प्रत्येक गोळीनंतर लक्ष्य खाली घेऊन भोकात ठळक चकती लावतात आणि गुण दाखवतात. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असेल तर शेजारच्या पडद्यावर जागा दिसते.

माझा सल्ला असा आहे की कमाल वर्धन ४० च्या आसपास असले तरी चालेल, पण किमान वर्धन १५ किंवा त्याखाली उतरले पाहिजे. १०-५०×६० किंवा १५-५५×५२ या जातीचे स्कोप मैदानावर पुष्कळ दिसतात आणि त्यांचे मालक बहुतेक वेळ २५ ते ४० पटींतच खेळतात.

दुपारी प्रतिमा उकळत्या पाण्यासारखी हलते. स्कोप बिघडला आहे का?

नाही. तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या हवेमुळे प्रकाशाची वाट सतत वाकते. नेमबाज तिला मिराज म्हणतात आणि आपल्याकडे डांबरी रस्त्यावर दिसणारे मृगजळ तिचेच भावंड आहे. अशा वेळी वर्धन उतरवावे, ४० वरून २५ वर आले की प्रतिमा बरीच स्थिर भासते. म्हणूनच वर किमान वर्धनावर इतका भर दिला.

परंतु मिराजला केवळ अडथळा समजू नये, कारण ती वाऱ्याची खूणही आहे. लाटा सरळ वर उकळत असतील तर आडवा वारा जवळजवळ नाही. त्या उजवीकडे किंवा डावीकडे वाहू लागल्या तर वारा त्या दिशेने निघाला आहे. १००० यार्डांवर .३०८ च्या गोळीसाठी आडव्या वाऱ्यात ताशी एका मैलाचा फरक चुकला तरी गोळी जवळजवळ एक एमओए सरकते, म्हणजे मधोमध जाणारी गोळी दहाच्या वर्तुळाबाहेर पडते. रायफलची नळी तापली की स्कोपसमोरही अशीच थरथर उठते. त्यासाठी नळीवर कापडी किंवा प्लास्टिकची पट्टी ताणून बसवतात आणि हा स्वस्त उपाय फार गुणकारी आहे.

एमओए घ्यावा की मिलिरेडियन?

दोन्ही कोनाचीच मापे आहेत आणि अचूकतेच्या दृष्टीने त्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. एक मिलिरेडियन, बोलताना मिल, म्हणजे अंतराचा हजारावा भाग. १०० मीटरवर तो १० सेंटिमीटर भरतो. १ मिल म्हणजे ३.४४ एमओए. निवड करताना दोनच गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे रेटिकल आणि टरेट एकाच मापात असले पाहिजेत. रेटिकल मिलमध्ये आणि टरेट एमओएमध्ये असलेले जुने स्कोप स्वस्तात मिळतात, पण ऐन सामन्यात गुणाकार करत बसावे लागते. दुसरी म्हणजे आपल्या क्लबातले लोक कोणत्या भाषेत बोलतात ते. एफ-क्लासच्या लक्ष्याची वर्तुळे एमओएच्या पटींत असल्यामुळे तिथे एमओएच रुळलेला आहे. वेगवेगळ्या अंतरांच्या आणि धावपळीच्या अमेरिकन प्रिसिजन रायफल स्पर्धांत बहुतेक जण मिल वापरतात.

टरेटच्या एका क्लिकचे माप पाव एमओए असावे की अष्टमांश?

१००० यार्डांवर पाव एमओएच्या एका क्लिकने गोळी ६.६ सेंटिमीटर सरकते आणि अष्टमांशाच्या क्लिकने ३.३ सेंटिमीटर. आतले वर्तुळ १३ सेंटिमीटरचे असल्याने अष्टमांश सोयीचा पडतो आणि बहुतेक खास एफ-क्लास स्कोपांत तोच असतो. त्याची किंमत अशी की ३० एमओए चढवायला २४० क्लिक मोजावे लागतात आणि एक पूर्ण फेरा चुकण्याची शक्यता वाढते. प्रत्येक अंतराचा टरेटवरचा आकडा आणि फेऱ्यांची संख्या वहीत लिहून ठेवावी.

उंचीचा प्रवास पुरेसा आहे हे कसे ठरवावे?

प्रवास म्हणजे टरेटने नेम एकूण जितका सरकवता येतो तो कोन. खरेदीत सर्वाधिक दुर्लक्ष या मुद्द्याकडे होते. गोळी लांब जाताना खाली पडत जाते आणि तेवढा कोन टरेट फिरवून भरून काढावा लागतो. १०० यार्डांवर झिरो केलेल्या, म्हणजे तिथे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवलेल्या, .३०८ ला १००० यार्डांसाठी, गोळीचे वजन, वेग आणि हवेची घनता यांनुसार, साधारण ३० ते ४० एमओए वर जावे लागते. रॅटनचे मैदान समुद्रसपाटीपासून जवळजवळ २००० मीटर उंच आहे. तिथली हवा विरळ असल्याने हा आकडा घटतो, तर सखल, थंड मैदानावर तो वाढतो.

आता समजा स्कोपच्या माहितीपत्रकात एकूण प्रवास ६० एमओए लिहिला आहे. हा आकडा पाहून निश्चिंत होऊ नये, कारण स्कोप सपाट बसवला तर त्यातले साधारण ३० वर आणि ३० खाली असतात, आणि खालचे ३० आपल्या काहीच उपयोगाचे नसतात. यावर उपाय म्हणजे पुढच्या बाजूला किंचित उतरती असलेली २० एमओएची रेल, म्हणजे स्कोप बसवायची पट्टी. ती बसवली की वर सुमारे ५० आणि खाली १० उरतात. १०० यार्डांचा झिरोही साधतो आणि १००० यार्डही गाठता येतात. रेल त्याहून जास्त उताराची घेतली तर १०० यार्डांवर खाली यायला जागा उरणार नाही, म्हणून वजाबाकी आधी कागदावर करावी.

यात आणखी एक बारीक मुद्दा आहे. स्कोपच्या आतली सरकणारी नळी बाहेरच्या गोल नळीत फिरते. ती अगदी वरच्या टोकाला गेली की डावी-उजवीकडे सरकायला जागा फार कमी राहते, म्हणजे वाऱ्याची दुरुस्ती नेमकी १००० यार्डांवर अपुरी पडू शकते. प्रतिमाही भिंगांच्या मध्याजवळ सर्वांत स्वच्छ असते. म्हणून आपले नेहमीचे अंतर प्रवासाच्या मध्याजवळ यावे अशी मांडणी करावी.

स्कोपची नळी ३० मिलिमीटरऐवजी ३४ मिलिमीटरची घेतली तर जास्त प्रकाश मिळतो का?

नाही. प्रकाश पुढच्या भिंगाचा व्यास, वर्धन आणि भिंगांवरचे लेप ठरवतात. जाड नळीचा फायदा आतल्या सरकणाऱ्या भागाला जास्त जागा मिळण्यात, म्हणजे प्रवासात असतो. एफ-क्लासचे बहुतेक स्कोप ३० मिलिमीटरचे असतात आणि योग्य रेल असेल तर ते पुरतात.

रेटिकल पहिल्या फोकल प्लेनमध्ये असावे की दुसऱ्या?

पहिल्या प्लेनमधले रेटिकल वर्धनाबरोबर लहान-मोठे होते, त्यामुळे त्यावरच्या खुणांचे माप प्रत्येक वर्धनावर खरे राहते. दुसऱ्या प्लेनमधले रेटिकल डोळ्याला नेहमी सारखेच दिसते, पण त्याच्या खुणा एकाच ठरावीक वर्धनावर खऱ्या असतात. वर्धन त्याच्या निम्म्यावर आणले तर १ एमओएची खूण २ एमओएची होते.

एफ-क्लासमध्ये अंतर माहीत असते, उंची टरेटवर चढवलेली असते आणि घाई मर्यादित असते, तेव्हा दुसऱ्या प्लेनचे बारीक ठिपक्याचे रेटिकल मला अधिक योग्य वाटते. वारा पाहून खुणेवर नेम धरणाऱ्यांनी मात्र वर्धनाच्या कड्यावर आपल्या ठरलेल्या आकड्याशी रंगाची रेघ मारून ठेवावी. मिराजमुळे वर्धन उतरवले आणि खुणांचे माप बदलल्याचे लक्षात आले नाही, म्हणून गेलेले गुण मी स्वतःच्या गुणपत्रिकेवर पाहिले आहेत. झाडाच्या फांद्यांसारखे पसरलेले, शेकडो खुणांचे रेटिकल या खेळासाठी घेऊ नये, कारण नेमका नेम धरायच्या जागीच ते लक्ष्य झाकते. उजळणारे रेटिकलही दिवसाच्या सामन्यात लागत नाही.

पॅरलॅक्स म्हणजे काय, आणि त्याने खरोखर गोळी चुकते का?

धावत्या बसच्या खिडकीतून पाहताना जवळचे खांब लांबच्या डोंगरावरून सरकत जातात, तसेच डोळा थोडा हलला की रेटिकल लक्ष्यावरून सरकते. लक्ष्याची प्रतिमा आणि रेटिकल एकाच प्रतलावर नसले की असे होते. डावीकडचे बटण फिरवून त्या दोघांना एका प्रतलावर आणतात.

चूक जास्तीत जास्त किती होऊ शकते याचा हिशेब सोपा आहे. स्कोप ज्या अंतराला लावला आहे आणि लक्ष्य ज्या अंतरावर आहे त्यांतला फरक घ्यावा, त्याला लावलेल्या अंतराने भागावे आणि भिंगाच्या त्रिज्येने गुणावे. ५६ मिलिमीटरच्या भिंगाचा स्कोप १०० यार्डांवर लावून १००० यार्डांवर खेळलो तर २८ मिलिमीटर गुणिले ९, म्हणजे २५ सेंटिमीटर. दहाच्या वर्तुळाच्या संपूर्ण रुंदीएवढी ही चूक आहे. डोळा नळीच्या मध्याजवळ असेल तर प्रत्यक्षात ती पुष्कळ कमी होते, पण वीस गोळ्यांत गाल प्रत्येक वेळी त्याच जागी टेकेल याची खात्री कोणी देऊ नये.

बटणावर कोरलेल्या अंतरांवर विसंबू नये, ती केवळ जवळपासची असतात. रायफल टेकूवर स्थिर ठेवावी, तिला स्पर्श न करता डोके किंचित वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवावे, आणि रेटिकल लक्ष्यावरून अजिबात सरकेनासे होईपर्यंत बटण फिरवावे. प्रतिमा सर्वांत स्पष्ट दिसते ती जागा आणि सरकणे थांबते ती जागा वेगवेगळी येत असेल, तर डोळ्याकडचे डायऑप्टर, म्हणजे रेटिकल आपल्या डोळ्याला स्पष्ट करणारे कडे, नीट लागलेले नाही असे समजावे. खरेदी करताना हे बटण घट्ट असूनही बारीक फिरते का हे पाहावे. ८०० ते १००० यार्डांची जागा बटणाच्या अगदी थोड्या फेऱ्यात कोंबलेली असेल तर मैदानावर त्रास होतो.

मला चष्मा आहे. काय पाहावे?

डोळा आणि स्कोप यांच्यात किती अंतर ठेवता येते ते आधी पाहावे. सुमारे ९ सेंटिमीटर असेल तर चष्म्यासह आरामात खेळता येते. प्रोग्रेसिव्ह चष्म्याची अडचण होते, कारण पालथे झोपल्यावर डोळा भिंगाच्या वरच्या कडेतून पाहतो आणि मान जराशी हलली तरी नंबर बदलतो. एकाच नंबराचा, थोडा वर बसणारा नेमबाजीचा चष्मा करून घेणे हिताचे ठरते. चष्मा घालूनच डायऑप्टर लावावे: मोकळ्या आकाशाकडे, सूर्य नसलेल्या दिशेला, दोन-तीन सेकंदच पाहावे, रेटिकल पहिल्या नजरेत काळेभोर दिसते का ते तपासावे, नजर काढून पुन्हा पाहावे. जास्त वेळ पाहिले तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि चुकीचे डायऑप्टरही बरोबर वाटू लागते.

रिंगा आणि रेल यांवर वेगळा खर्च करावा का?

अवश्य करावा. पहिल्या वर्षी मी स्कोपवर सगळे पैसे खर्चून साध्या रिंगा लावल्या होत्या. तिसऱ्या सामन्यात गोळ्या हळूहळू खाली येऊ लागल्या, आणि मी वारा, काडतुसातली दारू, श्वास अशा सर्व गोष्टींना दोष देऊन झाल्यावर लक्षात आले की धक्क्यांनी स्कोप रिंगांमधून पुढे सरकत होता. नळीवरचे ओरखडे आजही आहेत. रिंगांचे स्क्रू टॉर्क पान्यानेच, उत्पादकाने दिलेल्या मापाने आवळावेत. नुसत्या हाताच्या अंदाजाने जास्त आवळले तर नळी दबते आणि आतला सरकणारा भाग अडखळतो.

बसवताना रेटिकलची उभी रेघ ओळंब्याशी जुळवावी. १०० यार्डांवर जाड दोरीला वजन बांधून लटकवले की गवंड्याचा ओळंबा तयार होतो. हे इतके महत्त्वाचे का, ते आकड्यांत पाहावे. ३० एमओए वर चढवलेले असताना रायफल फक्त १ अंश कलली तर गोळी अर्ध्या एमओएपेक्षा किंचित जास्त बाजूला जाते, म्हणजे १००० यार्डांवर सुमारे १४ सेंटिमीटर. दहाच्या वर्तुळाची त्रिज्याच १३.३ सेंटिमीटर आहे. दरवेळी तेवढाच कल असेल तर तो वाऱ्याच्या टरेटवर भरून काढता येतो. खरा घात प्रत्येक गोळीला बदलणाऱ्या कलाने होतो, म्हणून स्कोपवर छोटी पाणपातळी लावावी आणि ट्रिगर दाबण्यापूर्वी तिच्याकडे नजर टाकण्याची सवय लावावी.

नवा स्कोप खरोखर बरोबर चालतो हे घरी कसे तपासावे?

हे काम घरी नव्हे, मैदानावर करायचे आहे, आणि सामन्याआधी करायचे आहे. फितीने मोजून बरोबर १०० यार्डांवर उंच कागद लावावा. त्यावर ओळंब्याने उभी रेघ काढावी आणि तळाशी नेमाचा ठिपका करावा. झिरो केलेल्या रायफलने तीन-चार गोळ्या झाडाव्यात, मग टरेट ३० एमओए वर फिरवून त्याच तळच्या ठिपक्यावर नेम धरून आणखी तीन-चार झाडाव्यात. दोन्ही गटांच्या मध्यांमधले अंतर ३१.४ इंच, म्हणजे ७९.८ सेंटिमीटर आले पाहिजे, आणि वरचा गट त्या उभ्या रेघेवरच पडला पाहिजे. रेघेपासून बाजूला गेला तर रेटिकल तिरके बसले आहे किंवा रायफल कलली आहे. शेवटी टरेट परत शून्यावर आणून पुन्हा गोळ्या झाडाव्यात. त्या पहिल्या गटात मिसळल्या पाहिजेत.

निकाल कसा वाचावा हे सांगणे आवश्यक आहे. अंतर दोन टक्के कमी आले तर ३० एमओएवर ०.६ एमओएची, म्हणजे १००० यार्डांवर १६ सेंटिमीटरची तूट होते. परंतु ती दरवेळी तेवढीच येत असेल तर एफ-क्लासमध्ये ती सोसण्यासारखी आहे, कारण आपण सुरुवातीच्या चाचणी गोळ्यांनी उंची जुळवतो आणि वहीत आपलेच आकडे लिहितो. जो स्कोप एकदा ३० देतो, दुसऱ्यांदा २९ देतो आणि शून्यावर परत येताना पाव एमओए कुठेतरी विसरतो, तो मात्र काच कितीही सुंदर असली तरी त्याच आठवड्यात परत करावा.

जुना, वापरलेला स्कोप घेतला तर चालेल का?

चालतो, आणि नवख्यासाठी बरेचदा तेच शहाणपणाचे असते. नळीवर रिंगांच्या खोल खुणा आहेत का, टरेटचे क्लिक सर्व फेऱ्यांत सारखे लागतात का, आत धूळ किंवा बुरशीचे जाळे आहे का हे पाहावे आणि वरची चाचणी करून समाधान झाले नाही तर परत घेण्याची अट आधीच ठरवावी. बऱ्याच उत्पादकांची हमी मालक बदलला तरी टिकते, काहींची टिकत नाही. नामांकित स्कोपांच्या हुबेहूब नकलाही बाजारात फिरतात, म्हणून अनुक्रमांक उत्पादकाकडून पडताळून घ्यावा.

एकूण रकमेतला किती भाग स्कोपवर खर्च करावा?

‘रायफलीएवढीच किंमत स्कोपची’ असे पुष्कळदा सांगितले जाते. मला हा नियम पटत नाही. आधी रायफलची चांगली नळी, सुसंगत दारूगोळा आणि दोन वर्षांच्या सरावाचा खर्च बाजूला काढावा. उरलेल्या रकमेत जो मध्यम दर्जाचा, पण चाचणीत खरा उतरणारा स्कोप बसेल तो घ्यावा. ईडी काचेचा स्कोप काळ्या-पांढऱ्याच्या कडेवरची जांभळी झालर कमी करतो आणि लांबच्या दिवसात डोळे कमी थकवतो, त्याचे पैसे पुढे कधीतरी मोजता येतील.

भारतातल्या भावासाठी किंवा मित्रासाठी इथून स्कोप नेता येईल का?

चौकशी केल्याशिवाय मुळीच नेऊ नये. अमेरिकेच्या निर्यात नियमांत बंदुकीवर बसणाऱ्या दुर्बिणी नियंत्रित मालात मोडतात आणि भेटवस्तू म्हणून बॅगेत टाकलेला स्कोपही निर्यातच समजला जातो. भारतात शस्त्रांची मालकी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येते आणि आयातीचे नियम वेगळे आहेत. भारतातल्या खेळाडूने आपल्या राज्य रायफल संघटनेमार्फत किंवा परवानाधारक विक्रेत्यामार्फतच मार्ग काढावा. तसेच तो ऑलिंपिक प्रकार खेळत असेल तर त्याला स्कोप लागणारच नाही, हेही आधी विचारून घ्यावे.

भिंगे कशी स्वच्छ करावीत?

आधी फुंकणीने धूळ उडवावी, मग मऊ ब्रश फिरवावा, आणि डाग राहिलाच तर भिंगाच्या द्रवात ओला केलेला स्वच्छ कपडा मध्यापासून बाहेर फिरवावा. सदऱ्याचे टोक वापरू नये, कारण वाळूचा एक कण लेपावर कायमची रेघ मारतो. पुढच्या भिंगावरचे थोडे धुळीचे ठिपके प्रतिमेत दिसत नाहीत, ते तसेच राहू दिले तरी चालते.

सामन्याच्या किती आधी स्कोप बदलावा?

किमान महिनाभर आधी. त्या काळात वरची चाचणी, ३००, ६०० आणि १००० यार्डांचे आकडे, आणि निदान एकदा कडक उन्हात व एकदा थंड सकाळी सराव व्हावा. बसवल्यानंतरच्या पहिल्या पन्नासएक गोळ्यांनी रिंगा आणि रेलचे स्क्रू पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत, आणि स्क्रूच्या डोक्यावरून रिंगेवर रंगाची बारीक रेघ ओढून ठेवावी, म्हणजे स्क्रू ढिला झाला तर ती तुटलेली दिसेल.